दोन्ही बाजूंचं रक्त

सुई टोचलेली वैजयंतीला कळलीच नाही. तिच्या आधी ती तिच्या हातमोज्याला कळली.

अपघात विभागात त्या दुपारी माणसं कमी पडली म्हणून ती खाली आली होती. एरवी साताऱ्याच्या वेण्णाकाठ हॉस्पिटलात तिचं काम वेगळं. संसर्ग-प्रतिबंध विभागाची ती प्रमुख सिस्टर. पण समोर साठीचा एक माणूस रक्ताच्या उलट्या करून पांढराफटक पडला होता आणि त्याची शीर सापडत नव्हती. वैजयंतीने दंड बांधला, शीर चाचपली, सुई आत सरकवली. तेवढ्यात त्याला पुन्हा उबळ आली. हात झटकला गेला, सुई निसटली आणि तिच्या डाव्या तर्जनीला चाटून गेली.

मोज्याच्या मनगटावरची पट्टी थरथरली.

तिने शांतपणे मोजा काढून नवा चढवला, नवी सुई घेतली, शीर पुन्हा धरली, सलाईन सुरू केलं, आणि मगच बोट नळाखाली धरलं. काढलेला मोजा तिने ट्रेमध्ये ठेवला होता. तो आपलं काम करत होता.

या मोज्यांना हॉस्पिटलात सगळे ‘जागता मोजा’ म्हणत. दिसायला साधाच, पण त्याच्या दोन पदरांच्या मध्ये केसाहून बारीक नळ्यांचं जाळं होतं. कुठेही छिद्र पडलं की बाहेरच्या रक्ताचा कण एका नळीत आणि आतल्या बोटाच्या रक्ताचा कण दुसऱ्या नळीत ओढला जाई. मनगटावरच्या पट्टीत चकतीएवढं यंत्र होतं. ते त्या रक्तातल्या विषाणूंची जनुकं अक्षर अक्षर वाचून काढी. पूर्वी सुई टोचलेल्या नर्सला सहा-सहा महिने जीव मुठीत धरून तपासण्या कराव्या लागत. आता चहा निवायच्या आत उत्तर मिळे, आणि पहिल्या तासात गोळी घेतली की संसर्ग रुजण्याआधीच मोडून पडे.

आतल्या बोटाचं रक्त वाचायचं कारण निव्वळ कागदोपत्री होतं. टोचण्याआधी माणूस निरोगी होता हे सिद्ध झालं, तर पुढे काही झाल्यास ते कामावर झालं हे व्यवस्थापनाला नाकारता येणार नव्हतं. मोज्यांच्या योजनेत हे कलम वैजयंतीने स्वतः भांडून घालून घेतलं होतं.

पट्टीची बाहेरची कड नारिंगी झाली. बाहेरच्या रक्तात हिपॅटायटिस सी, यकृत पोखरणारा विषाणू. रुग्णाच्या यकृताची अवस्था पाहता त्यात नवल नव्हतं. तिने कपाटातून गोळीचं पाकीट काढलं.

मग आतली कडही नारिंगी झाली.

तिने पट्टी झटकून पाहिली. यंत्र बिघडलं असेल असं तिला वाटलं. टोचल्यापासून अजून दहा मिनिटं झाली नव्हती. एवढ्या वेळात कोणताही विषाणू अंगात वाढून मोजता येण्याजोगा होत नाही. पडद्यावरचा आकडा मात्र सांगत होता की तिच्या रक्तात तो मुबलक होता. जुना भाडेकरू असावा तसा.

“सिस्टर,” मागून एक बाई म्हणाली. रुग्णाची बायको होती ती, अनुसया. पदराचा बोळा तोंडाशी धरून इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. “तू आन्नांची वैजू न्हवं? शेडगे डाक्टरांची?”

वैजयंतीने मान हलवली.

“मग माझा जीव भांड्यात पडला बघ,” अनुसया म्हणाली. “आमी चाफेवाडीचं. बोडक्याचं. आन्नांच्या लेकीच्या हातात पडलं म्हनजे आता हे उठून बसत्याल.”

* * *

डॉ. अस्लम मुजावर प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बोलायला मऊ, कामाला चिवट. योजनेचा मसुदा त्यांनी आणि वैजयंतीने मिळून केला होता. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या रक्ताचा निकाल फक्त कर्मचारी आणि प्रयोगशाळा-प्रमुख यांनाच कळेल, व्यवस्थापनाला नाही, सहकाऱ्यांना नाही, सरकारलाही नाही, हे त्यातलं सगळ्यात कडक कलम.

“मी तिसऱ्यांदा तपासलं, ताई,” ते म्हणाले. “यंत्र बरोबर आहे. तुम्हाला सी आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून आहे. यकृत अजून ठणठणीत आहे हे नशीब. तीन महिने गोळ्या घ्या, विषय संपला. कुणाला कळायचंही कारण नाही.”

“कामावर लागला असेल?”

पडदा त्यांनी तिच्याकडे वळवला.

“तुम्हाला माहीत आहे हे, तरी सांगतो. हा विषाणू म्हणजे साधारण साडेनऊ हजार अक्षरांची एक पोथी. अंगात गेला की स्वतःच्या नकला काढत बसतो, आणि नक्कल काढणारा धांदरट असतो. दर वर्षी थोडी अक्षरं चुकतात. पुढची नक्कल त्या चुकांसकट होते. म्हणून दोन माणसांच्या पोथ्या शेजारी ठेवल्या, तर कुठल्या चुका सामाईक आहेत ते पाहून सांगता येतं की दोघांची मूळ प्रत एक होती का, आणि वाटा कधी फुटल्या.” त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “हे नामदेव बोडके. हा दुसरा ठिपका तुम्ही. दोघांच्या वाटा चाळीसेक वर्षांपूर्वी फुटल्या. मूळ एकच.”

पडद्यावर वंशावळीचं झाड होतं. ठिपके दोनच नव्हते. हॉस्पिटलात गेल्या काही वर्षांत तपासलेले बिननावाचे नमुने एका फांदीवर घोसासारखे लगडले होते. नाव नसलं तरी प्रत्येकाखाली पिनकोड होता. सगळ्यांचा एकच.

“जांभूळखोरं,” मुजावर म्हणाले. “एवढ्याशा खोऱ्यात एकाच मुळाचा विषाणू इतक्या लोकांत फक्त एका मार्गाने पसरतो. सुई. कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं एकच सुई अनेकांना वापरली आहे. आणि ताई, हे फक्त इथवर पोचलेले लोक आहेत. खोऱ्यात न पोचलेले किती असतील? त्यांना काही होतही नसेल अजून. होईल तेव्हा उशीर झालेला असेल. तुमचं माहेर तिकडचं ना? त्या काळी तिथे इंजेक्शन कोण देत होतं?”

वैजयंतीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने टेबलावर ठेवला.

“मी लहान होते,” ती म्हणाली. “आठवत नाही.”

* * *

न आठवायला काय झालं होतं?

पहाटे स्टोव्हचा आवाज यायचा. आण्णा पितळी पेटीत पाणी उकळायचे. काचेची सिरिंज आणि सुया त्यात खळखळ वाजायच्या. मग दुपारपर्यंत ओसरीवर रांग. आण्णा, म्हणजे भिकाजी शेडगे, साताऱ्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. ते डॉक्टर वारल्यावर खोऱ्यात परत आले आणि लोकांनीच त्यांना डॉक्टर केलं. पावसाळ्यात रस्ता चार महिने बंद असायचा. घाट चढून कुणी खरा डॉक्टर कधी आला नाही. न्यूमोनियाची पोरं, हिवतापाने फणफणलेली माणसं, बाळंतरोगाच्या बाया, सगळी त्या ओसरीवर. लोक म्हणायचे, आण्णांच्या हाताला गुण आहे.

उकळणं सकाळी एकदाच व्हायचं. पुढे रांगेतल्या प्रत्येकासाठी सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जायची.

तिलाही त्यांनी टोचलं होतं. किती वेळा, देव जाणे. ताप आला की आण्णा म्हणायचे, “वैजू, डोळे मीट आणि गाणं म्हण.” गाणं संपायच्या आत झालेलं असायचं.

घरी, आपलं रक्त कुणाला लागू नये म्हणून, तिने दात घासायचा ब्रश बाथरूममधून उचलला आणि आपल्या कपाटात ठेवला. नेलकटर पर्समध्ये टाकलं. भाजी चिरताना बोट कापेल म्हणून सुरी हळू चालवू लागली. नवऱ्याला, संदेशला, दोन दिवसांतच ते जाणवलं. तो कॉलेजात भूगोल शिकवायचा; घरात मात्र त्याचं लक्ष नसतं असा तिचा समज होता.

“ब्रश कुठे गेला तुझा?” त्याने विचारलं.

“जुना झाला होता.”

“नवा कुठाय मग?” तो समोर येऊन बसला. “वैजू, काय झालंय?”

तिने सांगितलं. आधी अर्धं, मग सगळं. सांगताना खोलीत येरझाऱ्या घालत होती. एका जागी उभं राहणं तिला जमतच नव्हतं. संदेशने दुसऱ्या दिवशी स्वतःची तपासणी करून घेतली. मुलाचीही केली. दोघंही स्वच्छ होते.

“सुटलो,” तो म्हणाला. “आता गोळ्या घे आणि विसर. आण्णा ऐंशीचे झालेत. पुढच्या महिन्यात गावच्या नव्या आरोग्य उपकेंद्राला त्यांचं नाव देतायत. कुणाच्या हाती काय लागणार आहे, सांग? तुझीच योजना म्हणते ना, तुझ्या परवानगीशिवाय तुझा नमुना कुणी वापरू शकत नाही?”

“हो.”

“मग?”

खरोखर, योजना इतकी पक्की होती की तिच्या आड राहिलं तर तिला जन्मात कुणी काही विचारणार नव्हतं. त्या झाडावरचे बाकीचे ठिपके बिननावाचे. नावाचे दोनच, नामदेवचा आणि तिचा, आणि आण्णांपर्यंत पोचवणारा फक्त तिचा. तो काढून घेतला की मागे राहणार होता एक पिनकोड. मुजावर त्याचा अहवाल आरोग्य खात्याला पाठवणार, खातं समिती नेमणार, आणि समिती घाट चढेपर्यंत कितीतरी जण संपलेले असणार.

नामदेव बोडके त्याच आठवड्यात गेला. यकृत पार दगड झालं होतं. अन्ननलिकेतली फुगलेली शीर दुसऱ्यांदा फुटली आणि मग काही हाती लागलं नाही. वैजयंती वॉर्डात पोचली तेव्हा अनुसया त्याच्या पायाशी बसली होती. रडत नव्हती.

“दारूचा थेंब शिवला न्हाई ह्यांनी कदी,” ती म्हणाली. “मग यकृत कशानं सडलं गं? हितला डाक्टर इचारत हुता, पीत हुते का म्हून. मला लय लागलं ते.” थोड्या वेळाने तिने वैजयंतीचा हात हातात घेतला. “तरण्यापनी हिवतापात गेलेच हुते. आन्नांनी इंजेक्शनं दिली, पंधरा दिस रोज. तवा वाचले. तेवढी वर्षं तुझ्या बापानं दिली आमास्नी. त्यांना सांग, अनुसयानं नमस्कार सांगितलाय म्हून.”

वैजयंतीला हात सोडवून घेता येईना आणि धरवेना.

* * *

ती रविवारी सकाळी खोऱ्यात, चाफेवाडीला माहेरी पोचली. आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अंगावर धुतलेला सदरा, हातात काठी. समोर रस्त्यापलीकडे उपकेंद्राच्या नव्या इमारतीला रंग चालू होता.

“बघ, निळा देतायत,” ते म्हणाले. “मी म्हटलं पांढरा द्या, दवाखान्याला पांढरा बरा. कोण ऐकतंय? तू अशी अवचित कशी गं आलीस? पोरगं कसं आहे?”

“बरं आहे. आण्णा, आत चला. बोलायचंय.”

आत तिने सांगितलं. मोजा, पट्टी, झाड, पिनकोड. शेवटी स्वतःचं. ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. स्वतःचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं.

“तुला झालाय?”

“हो.”

“बरा होतो?”

“होतो. गोळ्या सुरू केल्यात.”

“मग झालं तर.” त्यांनी श्वास सोडला. “यंत्राचं काय घेऊन बसलीस? यंत्र काहीही सांगेल. मी सुया उकळत होतो वैजू. तू बघितलंस.”

“सकाळी. एकदा.”

“सबंध खोऱ्याला एक स्टोव्ह, आणि रॉकेल रेशनचं! चार-पाच सुया असायच्या माझ्याकडे, टोक बोथट झालं की दगडावर घासायचो. दर माणसामागं उकळत बसलो असतो तर रांगेतला पाचवा माणूस मेला असता. आणि गोळी दिली तर लोक म्हणायचे, आण्णांनी औषधच दिलं नाही. सुई टोचली तरच बरं वाटायचं त्यांना.” त्यांचा आवाज चढत गेला. “कोण आलं होतं इथं? तुझं सरकार आलं होतं? दरड कोसळलेली, नदीला पाणी, आणि निगडीच्या पोराला निमोनिया. कुणी वाचवला तो? आज ट्रक चालवतोय. त्या वेळी कुणाला ठाऊक होता हा तुझा सी?”

“सुरुवातीला कुणालाच नव्हता,” ती म्हणाली. “नंतर होता. एका माणसाची सुई दुसऱ्याला लावू नये, हे सरकार रेडिओवरून सांगत होतं. टाकायच्या सुया मिळायला लागल्या होत्या साताऱ्यात. मी कॉलेजात होते, मी तुम्हाला आणून दिल्या होत्या.”

आण्णा काठीच्या टोकाने जमीन कोरत राहिले.

“महाग पडायच्या,” मग पुटपुटले. “आणि हात बसला होता जुन्यावर.” काठी सरळ करत ते उठले. “मी काही फार जगणार नाही. मी गेल्यावर सांग गावाला. मग काय ते नाव ठेवा, पुसा, माझी ना नाही.”

“तोवर जे मरतील ते?”

“तू माझी लेक आहेस का पोलीस?”

हे बोलायचं नाही असं वैजयंती घाटभर स्वतःला बजावत आली होती. आता ते तिच्या तोंडून निघून गेलं.

“आईच्या पोटात पाणी का झालं होतं, आण्णा?”

ते दारात होते. पाठमोरे. चौकटीला धरलेला हात तसाच राहिला.

तिची आई बारा-तेरा वर्षांपूर्वी गेली होती. पोट टम्म फुगायचं, दर महिन्याला साताऱ्याला नेऊन पाणी काढून आणायचे. जलोदर म्हणाले सगळे, दैवात होतं म्हणाले. अशक्तपणासाठी आईला ताकदीची इंजेक्शनं कित्येक वर्षं आण्णाच देत होते, दुपारी रांग संपल्यावर, सगळ्यांत शेवटी.

“जा तू,” आण्णा मागे न वळता म्हणाले. “जा वैजू. आत्ता जा.”

* * *

सोमवारी ती मुजावरांच्या खोलीत उभी राहिली. बसली नाही.

“सर, मी खोटं बोलले होते. इंजेक्शनं माझे वडील द्यायचे. माझा नमुना वापरा, माझ्या नावाने. आणि समितीची वाट बघायची नाही. आपल्याकडचे मोज्यातले चकती-वाचक सुटे करून बोटाच्या थेंबावर चालतील?”

मुजावरांनी टेबलावरचा एक मोजा उलटा करून पट्टी पाहिली. “चालतील,” ते म्हणाले. “पण ताई, ही योजना कर्मचाऱ्यांसाठी आहे. गावासाठी वापरली तर वर जाब द्यावा लागेल. आणि तुमचं काय होईल? उद्या कुणी रुग्ण म्हणेल, हिच्या हातून सुई नको.”

“म्हणू दे.”

“मी देतो जाब,” ते म्हणाले. “यंत्रं पेटीत भरायला लावतो.”

संदेश दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, “गाडी मी चालवतो. त्या घाटात तुझं लक्ष राहायचं नाही.”

त्याच दिवशी फोन आला. आण्णांनी स्वतःहून फोन लावायची सवय नव्हती. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

“सरपंचांना सांगितलं मी, माझं नाव देऊ नका म्हणून,” ते शेवटी म्हणाले. “का म्हणून विचारत होते. म्हटलं, माझी लेक येईल तेव्हा सांगतो.” मग म्हणाले, “आधी अनुसयाकडं जाऊ. गावाला नंतर. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.”

* * *

बोडक्यांच्या घरी सुतक नुकतंच फिटलं होतं. अनुसया दारात धान्य पाखडत होती. आण्णांना पाहून तिने सूप खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि वाकायला पुढे झाली. आण्णा झटकन मागे सरले, इतके की काठी पडली.

“पाया पडू नकोस. आधी ऐक.”

उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. सुईचं, स्पिरिटच्या बोळ्याचं, नामदेवच्या पंधरा दिवसांच्या इंजेक्शनांचं. कुठेही स्टोव्हचं, रॉकेलचं, दरडीचं नाव काढलं नाही. वैजयंती वाट बघत होती की आता काढतील, आता काढतील. नाही काढलं.

“नामदेव दारू पीत नव्हता,” ते शेवटी म्हणाले. “त्याच्या यकृताचं मीच केलं. माझ्या बायकोचंही. ह्या पोरीचंही.”

अनुसयाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने आण्णांची काठी उचलली, भिंतीला टेकवली. सूप उचललं. आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणीतरी आण्णांच्या अंगणातली खुर्ची उचलून ओढ्यात भिरकावली. कुणी म्हणालं, लेकीने म्हाताऱ्याला भरीस घातलं. कुणी म्हणालं, शहरातली मशीन विकायची युक्ती आहे. जास्त लोक दारातून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंतीने उपकेंद्राच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. टेबलावर चकती-वाचकांची रांग, कापूस, एकदाच वापरायच्या टोचण्यांची खोकी. गोळ्यांची पेटी संदेशने गाडीतून आणून खाली ठेवली आणि तो पायऱ्यांजवळ उभा राहिला.

कुणी आलं नाही.

आण्णा आले. बाकावर बसून त्यांनी बोट पुढे केलं. तिने टोचलं, थेंब चकतीवर घेतला. बाप-लेक दोघंही कडेकडे बघत बसले. ती पांढरी होती, पांढरीच राहिली.

“काही नाही तुम्हाला,” वैजयंती म्हणाली.

तिला वाटलं होतं तिला बरं वाटेल. आण्णांनी बोटावरचा कापूस दाबून धरला आणि मान खाली घातली. आयुष्यभरात त्यांनी हजारोंना टोचलं होतं. त्यांना स्वतःला टोचायला मात्र कुणीच नव्हतं. त्यांच्यावर औषधोपचार करील असा माणूस खोऱ्यात नव्हता, म्हणून ते काढे पिऊन बरे व्हायचे. तेवढ्यानेच ते वाचले होते.

“मला असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

वैजयंतीने वापरलेली टोचणी डब्यात टाकली.

उन्हं व्हरांड्यात शिरली तेव्हा रस्त्याच्या वळणावर अनुसया दिसली. एकटी नव्हती. मागे तिचा थोरला मुलगा, सून, आणि नवऱ्याची म्हातारी बहीण. मुलगा दातओठ खात चालत होता. व्हरांड्यापाशी येताच तो आण्णांच्या अंगावर गेला. संदेश मध्ये पडायला धावला, पण त्याआधी अनुसयाने मुलाचं मनगट धरलं.

“त्यांना मारून तुझा बाप येतोय व्हय?” ती म्हणाली. “बस त्या बाकड्यावर. लहानपनी तुलाबी दिलंय ह्यांनी. बोट दे.”

मुलगा बसला नाही. तीच बसली. बोट वैजयंतीपुढे धरलं.

“तुझ्या हातनं घेते,” ती म्हणाली. “नवी हाय न्हवं सुई?”

“नवी आहे मावशी. बघा, तुमच्यासमोर फोडते.”

थेंब चकतीवर पडला. सगळे वाकून बघत होते. कड हळूहळू नारिंगी झाली. मुलाच्या तोंडून हुंदका निघाला. अनुसयाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“म्हंजे मला हाय.”

“आहे. पण बरा होईल. आजपासून गोळ्या. तीन महिने, एकही चुकवायची नाही.”

“ह्यांनाबी बरा झाला असता? आदी कळलं असतं तर?”

“हो,” वैजयंती म्हणाली.

अनुसयाने गोळ्यांचं पाकीट पदराच्या टोकाला बांधलं. गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं. मग उठून मुलाला खांद्याला धरून बाकावर बसवलं, आणि तिथून प्रथमच आण्णांकडे वळली.

“अनुसया, मी...” आण्णा उठायला लागले.

“माझ्यासंगं बोलू नगा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला तुमचं काय बी ऐकायचं न्हाई. आज न्हाई, कदीच न्हाई. पर हितं बसून काय करताय? कुनाच्या घरात कुनाला टोचलं हे ह्या पोरीला ठावं न्हाई. सरकारला ठावं न्हाई. तुमालाच ठावं हाय. जावा. एकेकाच्या दारात जावा, शिव्या खावा, पर त्यांना हितं आना.”

आण्णा पायऱ्या उतरले. काठी बाकापाशीच राहिली होती. संदेशने ती उचलून मागून नेऊन दिली. ती घेऊन ते रस्त्यापलीकडच्या पहिल्या घरापाशी गेले आणि त्यांनी कडी वाजवली. दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. आतून कुणीतरी ओरडलं. ते तिथेच, उन्हात, दाराला तोंड करून उभे राहिले.

इकडे वैजयंतीने नवी टोचणी फोडली आणि अनुसयाच्या मुलाचं बोट हातात घेतलं.